क्यूबेकमधल्या जोडीदाराकडे जायचंय : अर्ज कुठला, कुठल्या सरकारकडे?

नदीकाठ
नमस्कार मंडळी. भाची कॅनडात, क्यूबेक प्रांतातल्या मॉन्ट्रियलला असते, पीआर (तिथे कायमचं राहायचा हक्क) मिळालेली आहे. होणारे जावई नाशिकचे, मेकॅनिकल इंजिनिअर. लग्न मे २०२६ मध्ये नाशिकलाच. लग्नानंतर तिने त्यांना स्पॉन्सर करायचं असं ठरलंय, पण जो तो वेगळं सांगतोय. कुणी म्हणतं वर्षभरात होतं, कुणी म्हणतं तीन वर्षं लागतात, कुणी म्हणतं क्यूबेक सध्या बंदच आहे. एका एजंटने "ओटावाचा पत्ता दाखवा, काम लवकर होईल" असं सुचवलंय.
प्रश्न असे : मार्ग कुठले आहेत? जावयांना फ्रेंच यायलाच हवं का? तिकडे जाऊन वाट बघता येते का? आणि हा ओटावाचा प्रकार काय आहे?

तळेगावकर
जे जे ऐकलंय ते सगळं आपापल्या जागी खरं आहे, म्हणूनच गोंधळ होतो. क्रम सांगतो.
जोडीदाराचा पीआर देणारं सरकार एकच, कॅनडाचं, म्हणजे त्यांचं इमिग्रेशन खातं आयआरसीसी. पण स्पॉन्सर क्यूबेकमध्ये राहत असेल तर जोडीदाराच्या खर्चाची स्पॉन्सरकडून हमी क्यूबेक सरकार घेतं, म्हणजे त्यांचं इमिग्रेशन खातं मिफी. म्हणून फाइल अशी फिरते : आधी आयआरसीसीकडे पूर्ण अर्ज. ते स्पॉन्सर पात्र आहे का बघतात आणि पत्र देतात. ते पत्र जोडून स्पॉन्सरने मिफीकडे हमीचा अर्ज करायचा, तिथली फी वेगळी. मिफीने मान्य केलं की सीएसक्यू हे क्यूबेकचं निवड-प्रमाणपत्र निघतं, आणि मग आयआरसीसी फाइल पुढे नेऊन संपवते.
बाकी कॅनडात मिफीचा हा टप्पाच नाही. वर्ष आणि तीन वर्षं हा फरक तिथून येतो.

शुभ्रा
"बंद आहे" म्हणजे काय तेही लिहिते. क्यूबेकने २६ जून २०२४ ते २५ जून २०२६ या दोन वर्षांसाठी कौटुंबिक हमीच्या अर्जांची मर्यादा ठरवली : एकूण १३,०००. त्यातले १०,४०० नवरा-बायको, जोडीदार आणि १८ वर्षांवरची अवलंबून असलेली मुलं यांच्यासाठी, २,६०० आईवडील, आजीआजोबा वगैरे नात्यांसाठी. जोडीदारांचा कोटा जुलै २०२५ मध्येच भरला. तेव्हापासून २५ जून २०२६ पर्यंत मिफी या गटाचे नवे हमी-अर्ज घेणार नाही. १८ वर्षांखालच्या मुलांना ही मर्यादा लागू नाही.
तुमच्या भाचीचं लग्न मे मधे आहे, म्हणजे २५ जूनच्या तोंडावर. त्यानंतर क्यूबेक काय नियम आणतं ते बघूनच फी भरा. तोपर्यंत कागद तयार ठेवायचे, कारण पुन्हा मर्यादा लागली तर पहिल्या आठवड्यांत ज्यांची फाइल पुरी असेल ते पुढे असतील.

पोळपाट
म्हणजे लग्न आधी रजिस्टर करून घेतलं तर फायदा?

शुभ्रा
पोळपाट, रांगेत पुढे जायला नाही, मिफीचं दार बंदच आहे. पण रजिस्ट्रेशनचा कागद वेळेत हातात असणं केव्हाही चांगलं. विधीच्या आधी स्पेशल मॅरेज ॲक्टने करायचं तर ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, म्हणजे भाचीला तितके दिवस हिशेबात धरून यावं लागेल.
आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत : लग्नाच्या वेळी दोघंही प्रत्यक्ष त्या जागी हजर हवेत. फोनवर, व्हिडिओवर किंवा मुखत्यार उभा करून झालेलं लग्न जून २०१५ पासून कॅनडाच्या इमिग्रेशनला चालत नाही, मग ते कुठल्याही देशात कायदेशीर असो.

सातबारा
नदीकाठ, एजंटच्या सल्ल्यावर आधी बोलू, कारण नुकसान तिथेच होतं.
ओटावा ऑन्टारिओत, नदीपलीकडचं गॅटिनो क्यूबेकमध्ये. पूल ओलांडला की प्रांत बदलतो, म्हणून "पत्ता दाखवा" हे सोपं वाटतं. पण अर्जात विचारतात ते स्पॉन्सर खरोखर कुठे राहतो ते. आयकर भरताना ३१ डिसेंबरला तुम्ही कुठल्या प्रांतात राहत होतात ते धरतात. क्यूबेकमध्ये राहणारा दोन विवरणपत्रं भरतो, एक केंद्राचं आणि एक क्यूबेकचं. ड्रायव्हिंग लायसन्स, आरोग्य कार्ड, भाडेकरार, पगाराच्या पावतीवरची क्यूबेकची कपात, सगळं मॉन्ट्रियलचं आणि अर्ज ओटावाचा, हे उघडं पडायला वेळ लागत नाही. खोटी माहिती दिली असं ठरलं की पाच वर्षांची बंदी येते, आणि तीही जावयांवर. तीन वर्षं वाचवायला निघालेले पाच घालवतात.

मनमोकळी
सातबाराशी सहमत, पण अर्धवट चित्र नको. खरोखर प्रांत बदलणं पूर्णपणे कायदेशीर आहे आणि पुष्कळ जोडपी तेच करताहेत. पीआर असलेल्या माणसाला कॅनडात कुठेही राहायचा हक्क आहे. ऑन्टारिओत भाड्याचं घर घ्या, लायसन्स आणि आरोग्य कार्ड बदला, तिथेच राहा आणि मग अर्ज करा. हॉक्सबरी मॉन्ट्रियलपासून साधारण शंभर किलोमीटर, कॉर्नवॉल त्याहून थोडं लांब. आठवड्यातून एक-दोनदाच ऑफिसला जावं लागत असेल तर जमण्यासारखं आहे.
अर्ज आधीच क्यूबेकमधून केला असेल आणि मग हललात, तर पत्ता कळवून हमी केंद्राच्या फॉर्मवर नव्याने द्यायची. उलटंही लागू : ऑन्टारिओतून अर्ज करून मधेच मॉन्ट्रियलला परतलात तर फाइल क्यूबेकच्या रांगेत.

तळेगावकर
मनमोकळी, बरोबर. फक्त घर बदलायचं ते संसारासकट. रिकामी खोली भाड्याने घेऊन सोमवार ते शुक्रवार मॉन्ट्रियलला राहणं म्हणजे पुन्हा एजंटचाच सल्ला.

अवकाळी
फ्रेंचबद्दल कुणीच लिहिलं नाही. स्पॉन्सर केलेल्या जोडीदाराला भाषेची परीक्षा नाही, ना केंद्राची, ना क्यूबेकची. मात्र येणारा माणूस १८ ते ५५ वयाचा असेल तर स्पॉन्सरला मिफीकडे स्वागत आणि एकात्मतेचा आराखडा द्यावा लागतो : तो फ्रेंच कसा शिकणार, नोकरीसाठी काय करणार, त्याला तू मदत कशी करणार. हा भाग दोन ओळींत उरकू नका. कुठला वर्ग, आठवड्याला किती तास, केव्हापासून, असं लिहा.
आणि परीक्षा नसली तरी जावयांनी फ्रेंच आजच सुरू करावं हे माझं ठाम मत. मॉन्ट्रियलमध्ये इंग्रजीवर भाजी आणता येते, पण इंजिनिअर म्हणून उभं राहायला फ्रेंच लागतंच. तिथे स्वतःला इंजिनिअर म्हणवून घ्यायला इंजिनिअरांच्या ऑर्डरचं, म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेचं, सदस्यत्व हवं, आणि त्यासाठीही फ्रेंचचं ज्ञान दाखवावं लागतं. पुण्यात आणि मुंबईत अलियाँस फ्राँसेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे. क्यूबेकचे स्वतःचे मोफत वर्ग फ्रान्सिझासियाँ क्यूबेक या एकाच खिडकीतून मिळतात, ही खिडकी १ जून २०२३ पासून सुरू आहे.

गोंयकार
अवकाळी, एक भर घालतो. फ्रेंच शिकलात तर स्पॉन्सरशिपची वाट न बघता स्वतःच्या पायावर जायचेही रस्ते उघडतात, फक्त ते क्यूबेकच्या बाहेरचे. फ्रँकोफोन मोबिलिटी म्हणून वर्क परमिटचा प्रकार आहे. फ्रेंच ऐकणं आणि बोलणं पाचव्या पातळीचं (कॅनडाच्या मोजपट्टीवर, टीईएफ किंवा टीसीएफ परीक्षेने), क्यूबेकबाहेरच्या मालकाची नोकरी, आणि मालकाला एलएमआयए (परदेशी माणूस घ्यायची सरकारी मंजुरी) काढावं लागत नाही. प्राथमिक शेतीकाम सोडून जवळपास सगळी कामं चालतात. चारही कौशल्यांत सातवी पातळी गाठली तर एक्स्प्रेस एंट्रीत (गुणांवर पीआरसाठी निवड करणारी केंद्राची पद्धत) फ्रेंचवाल्यांचे वेगळे ड्रॉ निघतात, २०२३ पासून, आणि त्यांचे कट-ऑफ साधारण ड्रॉपेक्षा बरेच खाली राहिलेत.
फ्रेंच बोलणारा भाग म्हटलं की सगळे क्यूबेकच धरतात. न्यू ब्रन्सविक हा अधिकृतपणे द्विभाषिक असलेला एकमेव प्रांत आहे. तिथल्या माँक्टन-डिएपमध्ये फ्रेंच रोज कानावर पडतं आणि स्पॉन्सरशिपला मिफीचा टप्पा नाही. भाचीचं काम कुठूनही करता येणारं असेल तर विचार करा.

पोळपाट
शून्यातून सातव्या पातळीला किती वेळ?

गोंयकार
रोज दोन तास नेटाने दिले तरी वर्ष-दीड वर्ष धरा. पाचवी बोलण्या-ऐकण्यापुरती त्याच्या आधी येते. मराठी माणसाला नाकातले स्वर अवघड जात नाहीत, अनुस्वाराची सवय असते. लिहिताना मात्र स्पेलिंग रडवतं.

हिरवीमिरची
तिकडे जाऊन वाट बघण्याबद्दल. व्हिजिटर व्हिसाला अर्ज करता येतो. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२(२) प्रमाणे पुढे कायमचं राहायची इच्छा असणं हे व्हिसा नाकारायचं कारण होऊ शकत नाही, मुदत संपल्यावर परत जाईल एवढं पटवावं लागतं. म्हणून स्पॉन्सरशिप लपवू नका. उलट पत्रात लिहा : अर्ज करणार आहोत किंवा केलाय, हा फाइल नंबर, इतके आठवडे राहणार, नोकरीतून रजा मंजूर, परतीची तारीख ही. लपवून गेलात आणि पुढे पीआर अर्जात तारखा जुळल्या नाहीत तर दोन्ही फाइली अडकतात.
सहसा सहा महिने राहता येतं, मुदतवाढ आतून मागता येते. नोकरी करता येत नाही. सहा महिन्यांपेक्षा लांब कोर्स करायचा तर स्टडी परमिट, आणि क्यूबेकमध्ये त्याआधी सीएक्यू, म्हणजे शिक्षणासाठी क्यूबेकचं मंजुरीपत्र.

नदीकाठ
खूप आभार सगळ्यांचे. एक शंका. जावयांच्या मित्राची बायको नवऱ्याबरोबर ओपन वर्क परमिटवर गेली. तसं नाही का होणार?

हिरवीमिरची
त्या मित्राकडे वर्क परमिट किंवा स्टडी परमिट असणार. ते परमिट तात्पुरत्या माणसाच्या जोडीदारासाठी आहे. भाची पीआर आहे, म्हणून त्या खान्यात ती बसत नाही. तेही आता आवळलंय : २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याचा कोर्स १६ महिने किंवा जास्तीचा मास्टर्स, पीएचडी किंवा ठरावीक व्यावसायिक पदव्यांपैकी हवा. नोकरदाराचं काम कॅनडाच्या कामांच्या वर्गवारीत वरच्या दोन श्रेणींतलं किंवा यादीतल्या निवडक कामांपैकी हवं आणि परमिटचे १६ महिने शिल्लक हवेत.

सातबारा
ज्यांचा पीआर अजून हातात आलेला नाही त्यांच्यासाठी इथेच लिहून ठेवतो, कारण ही चूक आयुष्यभर पुरते. अर्ज अविवाहित म्हणून केला, मधे भारतात येऊन लग्न केलं, आणि पीआर पक्का होण्याआधी ते कळवलं नाही, तर कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतल्या नियम ११७(९)(ड) प्रमाणे तो जोडीदार पुढे फॅमिली क्लासमधून (नात्याने स्पॉन्सर करायच्या गटातून) बाद. पीआर मिळाल्यावर गुपचूप स्पॉन्सर करू, हे चालत नाही. लग्न झाल्याबरोबर आयआरसीसीच्या वेबफॉर्मवर कळवा आणि जोडीदाराला त्याच अर्जात घाला. क्यूबेकच्या फाइलमध्ये त्याचाही सीएसक्यू लागेल, वेळ जाईल, जाऊ दे.

शुभ्रा
आता कागदांकडे येऊ. नदीकाठ, हे जावयांना पाठवा.
स्पॉन्सरचा फॉर्म आयएमएम १३४४. जावयांचे ०००८, ५६६९ आणि ५४०६. दोघांचा मिळून ५५३२, हाच खरा महत्त्वाचा. यादी ५५३३ मध्ये आहे, तीच वरून खाली टिक करत जा.
५६६९ मध्ये दहा वर्षांचा इतिहास महिन्यानिशी लागतो. कॉलेज जून २०१९ ला संपलं आणि नोकरी ऑक्टोबरला लागली, तर मधल्या महिन्यांत "नोकरी शोधत होतो, नाशिक" असं लिहायचं. रिकामा महिना दिसला की फाइल परत.
५५३२ मध्ये भेट कशी झाली, कुणी घडवली, घरच्यांना केव्हा कळलं, लग्नाला किती माणसं, असे प्रश्न असतात. ठरवून केलेलं लग्न असेल तर तसंच सांगा : स्थळ कुणी आणलं, बघण्याचा कार्यक्रम केव्हा, त्यानंतर दोघं किती वेळा भेटले, होकार केव्हा कळवला. प्रेमविवाह वाटावा म्हणून सजवू नका. नियम ४(१) खाली अधिकारी दोनच गोष्टी तपासतो, नातं खरं आहे का आणि ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी जोडलंय का.

मनमोकळी
फोटोंबद्दल : वीसपर्यंतच मागतात, म्हणून तीनशे फोटोंचा अल्बम स्कॅन करू नका. साखरपुडा, हळद, सप्तपदी, रिसेप्शन, दोन्ही घरचे आईवडील एकाच फ्रेममध्ये, आणि लग्नानंतर दोघांचे वेगवेगळ्या महिन्यांतले साधे फोटो. प्रत्येकाखाली तारीख, जागा, कोण कोण. संपर्काचा पुरावा दहा पानांपर्यंत. चॅटचे सलग दोन दिवस देण्यापेक्षा दोन वर्षांतल्या दहा तारखा निवडा.

तळेगावकर
महाराष्ट्रातला विवाह नोंदणीचा दाखला म्हणजे नमुना ई. ग्रामपंचायतीतून मिळालेला कधी फक्त मराठीत असतो. भाषांतर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये करून द्यावं लागतं, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह. नात्यातल्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही, मामा वकील असला तरी नाही. लग्नपत्रिका जोडणार असाल तर तिचंही भाषांतर.
पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून. वय १८ नंतर, गेल्या दहा वर्षांत, ज्या ज्या देशात सलग सहा महिने राहिलात त्या प्रत्येकाचं लागतं. जावई कंपनीच्या कामाने सात महिने जर्मनीत असतील तर तिथलंही.

अवकाळी
क्यूबेकवाल्यांची खास अडचण इथे आहे. मेडिकल तपासणी १२ महिने धरतात. फाइल दोन-तीन वर्षं चालली की ती पुन्हा करावी लागते, पोलीस क्लिअरन्सही पुन्हा मागू शकतात. म्हणून मेडिकल आयआरसीसीने सांगितल्यावरच, त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. बायोमेट्रिक्स मात्र दहा वर्षं चालतं.
घरोघरी विचारतात म्हणून : मधुमेह, थायरॉइड, जुनं ऑपरेशन यांमुळे आरोग्यसेवेवर भार पडेल या कारणाने नवरा-बायकोला नाकारत नाहीत, त्यांना त्या अटीतून सूट आहे. सार्वजनिक आरोग्याला धोका, उदाहरणार्थ चालू असलेला क्षयरोग, ही वेगळी गोष्ट. त्यावर उपचार पुरे करून पुढे जाता येतं.

पोळपाट
खर्च किती येतो एकूण?

शुभ्रा
केंद्राची फी ३० एप्रिल २०२४ पासून दोन वर्षांसाठी : स्पॉन्सरशिप ८५, प्रक्रिया ५४५, पीआर हक्काची ५७५, मिळून १,२०५ कॅनडियन डॉलर. बायोमेट्रिक्स ८५ वेगळे. दर दोन वर्षांनी बदलतात, म्हणजे ३० एप्रिल २०२६ ला नवे येतील, लग्न त्यानंतर आहे. ५७५ नंतर भरले तरी चालतात, आणि क्यूबेकच्या रांगेत ते अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. मिफीची फी त्यावर.

गोंयकार
गोव्यातल्या जोडप्यांनी लक्षात ठेवावं : आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी इच्छेची नोंद आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा जाऊन पक्की सही, अशा दोन फेऱ्या असतात. पहिल्या सहीचा कागद म्हणजे लग्नाचा दाखला नव्हे. तो जोडून फाइल पाठवू नका.

हिरवीमिरची
हमी म्हणजे काय तेही भाचीला नीट माहीत असू दे. क्यूबेकमध्ये जोडीदारासाठी ती तीन वर्षांची, पीआर झाल्यापासून. त्या काळात त्याने सरकारी आर्थिक मदत घेतली तर परतफेड तिने करायची. घटस्फोट झाला तरी हमी संपत नाही.
याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची, विशेषतः ज्या मुली स्पॉन्सर होऊन जातात त्यांच्यासाठी. दोन वर्षं एकत्र राहिलंच पाहिजे ही जुनी अट एप्रिल २०१७ मध्ये काढून टाकलीय. नातं खरं होतं आणि नंतर तुटलं, तर पीआर जात नाही. "मी सांगितलं तर तुला परत पाठवतील" असं कुणी धमकावत असेल तर ते खरं नाही. पासपोर्ट आणि पीआर कार्ड स्वतःच्या ताब्यात ठेवायचं.

सातबारा
फाइल कुठवर आली ते कळत नसेल तर स्पॉन्सरने कॅनडाच्या माहितीच्या अधिकारात नोंदी मागवाव्यात, पाच डॉलर लागतात. आणि एक फरक : भारतात राहून फॅमिली क्लासमधून अर्ज केला आणि नाकारला गेला तर स्पॉन्सरला ३० दिवसांत अपील आहे. कॅनडात राहून "इन-कॅनडा" गटातून केला तर ते अपील नाही. जावई व्हिजिटर म्हणून तिकडे गेले तरी अर्ज फॅमिली क्लासमधूनच ठेवता येतो. माझं मत तोच ठेवावा, येण्याजाण्याची मोकळीकही राहते.

नदीकाठ
काल भाचीशी आणि जावयांशी दोन तास बोलणं झालं. एजंटला नाही म्हणून कळवलं. भाचीचं काम आठवड्यातून एक दिवस ऑफिसचं आहे, म्हणून जूननंतर क्यूबेकचं चित्र बघून कॉर्नवॉलला राहायला जाण्याचा विचार ती करतेय. जावयांनी फ्रेंचच्या वर्गाची चौकशी केली, पुढच्या बॅचला नाव घालताहेत.
शेवटचा प्रश्न. लग्नानंतर भाचीचं नाव बदलायचं का? घरात दोन मतं आहेत. पत्रिकाही छापायला टाकायच्यात.

मनमोकळी
क्यूबेकमध्ये २ एप्रिल १९८१ पासून लग्नाने आडनाव बदलत नाही. नवरा-बायको दोघंही जन्मनावानेच व्यवहार करतात. ती तिथेच राहते, म्हणून बदलू नये हे उत्तम. भारतीय पासपोर्टवर नवऱ्याचं नाव चढवायचं तर त्यासाठी स्वतःचं नाव बदलावं लागत नाही. आणि काहीही बदल करायचाच असेल तर अर्जाच्या आधी, फाइल चालू असताना मधेच नको.

तळेगावकर
पत्रिका छापायच्या आधी दोघांचे पासपोर्ट समोर घ्या. पत्रिका, नमुना ई, पासपोर्ट, तिन्हीकडे इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर एकच, वडिलांचं नाव पासपोर्टवर असेल तर तिन्हीकडे असू दे. नमुना ई हातात घेताना खिडकीपाशी उभं राहून वाचा. तिथे चुकलं तर दुरुस्तीला पुन्हा साक्षीदारांसह हेलपाटे, आणि भाची तोवर परत गेलेली असेल.